संगीत-नियतकालिकांची पृष्ठरचना

संगीत-नियतकालिकांची पृष्ठरचना : संगीतविषयक मासिके, त्रैमासिके व विशेषांक यांच्या छापील पानावर मजकूर, स्वरलिपी, शीर्षके, चित्रे व कोरी जागा यांची जी हेतुपूर्वक मांडणी केली जाते, तीस संगीत-नियतकालिकांची पृष्ठरचना असे म्हणतात. कोणत्याही नियतकालिकाप्रमाणे येथेही स्तंभ, समास, शीर्षक, पृष्ठक्रमांक इ. रूढ संकेत पाळले जातात. परंतु संगीत हे काळात घडते आणि पान हे जागेत असते. त्यामुळे काळाचे जागेत रूपांतर करण्याची एक वेगळी जबाबदारी या पानावर येऊन पडते व त्या ठिकाणी गद्याचे रूढ संकेत अपुरे पडतात. युरोप-अमेरिकेतील संगीत-नियतकालिकांत हे संकेत बहुधा अभिरुचीच्या आग्रहातून मोडले गेले. मराठी संगीत-नियतकालिकांत ते मोडले गेले तालाच्या गरजेतून. जवळ गुरू नसलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा केवळ सजावटीचा प्रश्न नाही. परभणी जिल्ह्यातील पेडगावासारख्या गावी टपालाने आलेल्या अंकावरून बंदिश बसवू पाहणाऱ्यास पान हाच शिक्षक असतो आणि एक बिंदू चुकल्यास तो शिक्षक चुकीचे शिकवितो.

गद्य-पानाचे संकेत : मराठी हस्तलिखित पोथीत शब्द सलग लिहीत. ओळ पानाच्या कडेला संपे, मग शब्द पुरा झालेला असो वा नसो. विराम दाखविण्यास दंड पुरेसा असे. मुद्रणाबरोबर शब्दांमधील अंतर, परिच्छेद, समास व विरामचिन्हे स्थिरावली. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः मेजर टॉमस कँडी (१८०४–७७) यांना दिले जाते. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिलामुद्रणाने पंचांग छापले (१८३१). पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने (स्थापना १८६९) देवनागरी खिळ्यांना सुबक व नियमित रूप दिले. मासिक मनोरंजन (१८९५), किर्लोस्कर (१९२०) यांसारख्या मासिकांनी सचित्र, स्तंभबद्ध पानाची सवय वाचकांना लावली. अशा पानात ओळीची लांबी स्तंभाच्या रुंदीवरून ठरते. ओळ कोठे संपली याला अर्थाच्या दृष्टीने महत्त्व नसते. वाचकानेही ओळीचा शेवट विसरून पुढे जावे, अशीच अपेक्षा असते.

ओळ व आवर्तन : स्वरलिपीच्या पानात नेमके हेच बदलते. तेथे ओळीची लांबी तालाच्या आवर्तनावरून ठरते व ओळीचा शेवट हा संगीताचा भाग असतो. त्रितालाच्या सोळा मात्रा चार-चारांच्या चार विभागांत, झपतालाच्या दहा मात्रा २–३–२–३ अशा, तर रूपकाच्या सात मात्रा ३–२–२ अशा विभागल्या जातात. हे विभाग उभ्या रेषांनी वेगळे करून सर्व ओळींतील तीच ती मात्रा एकाखाली एक आणावी लागते. त्यामुळे स्वरलिपी आडवी वाचावयाची असली, तरी ती उभीही पाहता येते. प्रत्येक सम एकाखाली एक आली, म्हणजे बंदिशीचा घाट डोळ्यांना दिसतो. या दृष्टीने स्वरलिपीचे पान निबंधाच्या पानापेक्षा पंचांगातील कोष्टकाला अधिक जवळचे आहे.

याहून सूक्ष्म असा एक विपर्यास येथे घडतो. गद्यात डावा समास ही प्रारंभाची जागा असते. परंतु त्रितालातील अनेक बंदिशी नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून सुरू होतात. अशी बंदिश छापताना पहिल्या घरावर खालीचे चिन्ह येते आणि सम ओळीच्या मध्यावर पडते. शब्दांचा प्रारंभ डावीकडे व तालाचा प्रारंभ मध्यभागी, अशी दोन केंद्रे एकाच ओळीत नांदतात. समेचे घर डावीकडे ओढून ओळ ‘सरळ’ केल्यास पान नीटनेटके दिसेल, पण मुखड्याची समेकडे जाणारी ओढ नाहीशी होईल.

स्तंभाच्या रुंदीचा प्रश्नही येथूनच उद्भवतो. मजकुराचे क्षेत्र १५ सेंमी. रुंद धरले, तर त्रितालाच्या एका ओळीत प्रत्येक मात्रेच्या वाट्याला सु. ९ मिमी. जागा येते. तेच पान दोन स्तंभांचे करून प्रत्येक स्तंभ ७ सेंमी. ठेवल्यास ती साडेचार मिमी.हूनही कमी होते. एका मात्रेत दोन वा चार स्वर आले, तर ते त्या घरात मावत नाहीत. म्हणून द्विस्तंभी अंकातही बंदिशीच्या ठिकाणी स्तंभ मोडून पूर्ण रुंदी घ्यावी लागते, किंवा एक आवर्तन आठ-आठ मात्रांच्या दोन ओळींत विभागावे लागते. दुसऱ्या उपायात ओळ मोडते, पण विभाग मोडत नाही. विभागाच्या मध्येच ओळ तोडणे हा मात्र दोष समजला जातो. तसेच स्थायी व अंतरा समोरासमोरच्या पानांवर असणे इष्ट असते. तंबोरा किंवा तबला यांवर हात असलेल्या व्यक्तीस मध्येच पान उलटणे शक्य नसते.

चिन्हे व खिळे : हिंदुस्थानी संगीतासाठी महाराष्ट्रात दोन स्वरलेखनपद्धती विशेष प्रचारात आल्या. एक विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची व दुसरी विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांची. दोन्ही पद्धतींनी स्वरांसाठी सा, रे, ग, म ही देवनागरी आद्याक्षरेच स्वीकारली. त्यामुळे पाश्चात्त्य पंचरेषांसाठी लागणारी स्वतंत्र खिळ्यांची पेटी आवश्यक राहिली नाही. मात्र त्या अक्षरांभोवतीची चिन्हे गद्यात आधीच वेगळ्या अर्थाने रूढ होती.

भातखंडे पद्धतीत तार सप्तकाच्या स्वरावर बिंदू व मंद्र सप्तकाच्या स्वराखाली बिंदू असतो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तर तीव्र मध्यमावर उभी रेघ येते. एका मात्रेतील अनेक स्वरांखाली चंद्रकोरीसारखी वक्ररेषा आणि मींड दाखविण्यासाठी स्वरांवर उलटी वक्ररेषा काढतात. स्वर लांबविण्यास आडवी रेघ, तर गीताचे अक्षर लांबविण्यास अवग्रह वापरतात. समेस ×, खालीस ० व इतर टाळ्यांस अनुक्रमांक देतात. स्वरांची ओळ वर, गीताची अक्षरे तिच्याखाली व तालचिन्हे तळाशी अशी सामान्य व्यवस्था असते.

यांतील जवळजवळ प्रत्येक चिन्ह गद्यातील आपला अर्थ सोडून येते. वरचा बिंदू गद्यात अनुस्वार असतो. येथे ‘सां’ हा अनुनासिक उच्चार नसून तार षड्ज होय. आडवी रेघ गद्यात थांबा सुचविते, तर येथे स्वर न सोडता धरून ठेवण्यास सांगते. कंस गद्यात दुय्यम मजकूर वेगळा काढतो. येथे कंसातील स्वर हा नंतरचा स्वर, तो स्वर, आधीचा स्वर व पुन्हा तो स्वर अशा चार स्वरांचा द्रुत समूह दर्शवितो. म्हणजे सर्वांत कमी जागा व्यापणाऱ्या खुणेत सर्वाधिक हालचाल साठविलेली असते. अवग्रह संस्कृतात लुप्त अकाराची खूण असतो, तर स्वरलिपीत तो ‘मो ऽ ह न’ याप्रमाणे चालू असलेल्या स्वराची खूण होतो. शिवाय शब्दाला एकत्र बांधणारी शिरोरेखा येथे अक्षरागणिक तुटते. गद्यात शब्द हे एकक असते, स्वरलिपीत मात्रा हे एकक असते. म्हणून गीताचे शब्द आधी सलग छापून मग त्यांची स्वरलिपी देण्याची पद्धत पडली. पहिल्या मांडणीत काव्य वाचता येते, दुसरीत ते गाता येते.

कोमल स्वराची खालची आडवी रेघ व तीव्र मध्यमाची वरची उभी रेघ यांचे ऋग्वेदाच्या छापील संहितेतील अनुदात्त व स्वरित या चिन्हांशी असलेले रूपसाम्य लक्षणीय आहे. अक्षराच्या वर व खाली स्वरभेद दाखविण्याची कल्पना देवनागरीच्या वाचकास त्यामुळे अगदीच अपरिचित नव्हती.

दोन पद्धतींतील भेद : पलुस्कर पद्धतीत मात्राकाल दर्शविण्यासाठी स्वराखाली स्वतंत्र चिन्हे देतात. चार मात्रांस ×, एका मात्रेस आडवी रेघ, अर्ध्या मात्रेस ० अशी ती योजना आहे. कोमल स्वर हलन्तसदृश चिन्हाने दाखवितात. मंद्र सप्तकासाठी स्वरावर बिंदू, तर तार सप्तकासाठी स्वरावर उभी रेघ असते. समेस १ व खालीस + हे चिन्ह असून इतर टाळ्यांना त्या-त्या मात्रेचा क्रमांक देतात. याचा परिणाम असा, की तोच वरचा बिंदू एका पद्धतीत तार सप्तक दाखवितो व दुसरीत मंद्र. मध्यमावरील उभी रेघ एकीकडे तो स्वर तीव्र करते, तर दुसरीकडे त्याचे सप्तक बदलते. × एकीकडे सम, तर दुसरीकडे चार मात्रा. ० एकीकडे खाली, तर दुसरीकडे अर्धी मात्रा. चिन्हांचा खुलासा न देता छापलेली स्वरलिपी दिशाभूल करू शकते ती यामुळेच. संगीत-नियतकालिकात ‘चिन्हपरिचय’ ही चौकट नकाशातील सूचीइतकीच आवश्यक असते. तिला पानभरणीचा मजकूर समजून गाळणे ही संपादनातील गंभीर चूक होय.

पलुस्करांची पद्धत प्रत्येक स्वराचा काल स्वराजवळच सांगते. भातखंडे यांच्या पद्धतीत तो बव्हंशी घराच्या जागेवरून कळतो. पहिलीत खिळ्यांची संख्या व प्रकार वाढतात, तर दुसरीत जागेची काटेकोर वाटणी करावी लागते. लहान छापखान्यांना दुसरी पद्धत तुलनेने सोयीची असली, तरी तीत कोरी जागादेखील मजकुराइतकीच बोलकी असते. जुळाऱ्याने ओळ भरण्यासाठी इकडचा कोरा खिळा तिकडे टाकला, तर शब्द न बदलताही ताल बदलतो.

ऐतिहासिक आढावा : पाश्चात्त्य संगीताच्या मुद्रणात योहान गोटलोब इमानुएल ब्राइटकॉप्फ यांनी लाइपसिक येथे अठराव्या शतकाच्या मध्यास सुट्या भागांच्या जुळणीने स्वरलिपी छापण्याची पद्धत विकसित केली. आलॉइस झेनेफेल्डर यांनी सु. १७९६ नंतर शोधून काढलेल्या शिलामुद्रणाचा एक प्रारंभीचा उपयोग संगीतमुद्रणासाठीच झाला. लाइपसिक येथूनच १७९८ मध्ये आल्गमाइन म्यूझिकालिश झाइटुंग हे संगीतपत्र व १८३४ मध्ये रोबेर्ट शूमान यांच्या पुढाकाराने नॉय झाइटश्रिफ्ट फ्यूर म्यूझिक हे नियतकालिक निघाले.

भारतात बंगालमध्ये ज्योतिरिंद्रनाथ टागोर यांनी वीणावादिनी (१८९७) हे मासिक काढले व स्वरलिपीच्या सुलभ मुद्रणाचा प्रयत्न केला. पलुस्करांनी लाहोर येथे ५ मे १९०१ रोजी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. पाठ्यपुस्तके व स्वरलिप्या छापण्यासाठी त्यांनी स्वतःचा छापखाना चालविला, तसेच संगीतामृतप्रवाह हे हिंदी मासिक प्रसिद्ध केले. संगीतशिक्षणाच्या प्रसारासाठी छापखाना हाताशी असणे त्यांना आवश्यक वाटले, ही गोष्ट या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. विद्येच्या प्रसाराची गती येथे खिळ्यांच्या उपलब्धतेशी जोडली गेली होती. भातखंडे यांनी हिंदुस्थानी संगीत पद्धति हा ग्रंथ मराठीत चार भागांत लिहिला आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांतून शेकडो बंदिशी स्वरलिपीबद्ध करून प्रसिद्ध केल्या. या मालिकेतील घराघरांच्या मांडणीने पुढील पिढ्यांची नजर घडविली. हाथरस येथून १९३५ मध्ये निघालेल्या संगीत या हिंदी मासिकाने स्वरलिपीयुक्त लेखांची परंपरा अखंड चालविली.

पलुस्करांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास त्याचे मुखपत्र म्हणून संगीत कलाविहार हे मासिक सुरू झाले व त्याच्या संपादनाची धुरा बा. र. देवधर यांनी वाहिली. देवधर यांनी त्यात लिहिलेली गायक-वादकांची शब्दचित्रे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. या प्रकारच्या मासिकात तीन भिन्न स्वभावांचा मजकूर एकत्र येतो. चरित्रात्मक लेख हा सलग वाचावयाचा, शास्त्रविषयक लेख थांबून विचार करावयाचा, तर बंदिश वाद्यापुढे ठेवून पुनःपुन्हा पाहावयाची असते. तिघांना एकच पृष्ठरचना मानवत नाही. चरित्रलेखास रूढ स्तंभ व छायाचित्र पुरते. शास्त्रीय लेखास कोष्टके व आरोह-अवरोहाच्या वेगळ्या ओळी लागतात. बंदिशीस पूर्ण रुंदी, मोठा टंक व मोकळा समास आवश्यक असतो. विद्यार्थी समासात गुरूने सांगितलेली भर लिहून घेतो. त्या अर्थाने बंदिशीच्या पानावरील कोरा समास हा गुरूसाठी राखून ठेवलेला असतो.

चित्र व मुखपृष्ठ : संगीत व चित्र एकाच पानावर आणण्याची परंपरा भारतात मुद्रणपूर्व आहे. रागमाला-चित्रांत अनेकदा वरच्या पट्टीत पद्य व खाली रागाचे व्यक्तिरूप अशी रचना आढळते. दख्खनमध्येही सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून अशी चित्रे निर्माण झाली. आधुनिक संगीत-मासिकाच्या मुखपृष्ठाने रागाच्या व्यक्तिरूपाऐवजी कलावंताचे छायाचित्र स्वीकारले. तंबोऱ्यासह बसलेला गायक किंवा वाद्यावर झुकलेला वादक हा त्याचा ठरीव साचा बनला. हा साचा आदर व्यक्त करतो, परंतु गायनातील कृती दाखविण्यास तो असमर्थ असतो. मैफलीतील क्षणाचे छायाचित्र, हाताची मुद्रा किंवा साथीदाराकडे वळलेली नजर यांचा वापर सुरू झाल्यावर ही उणीव काही अंशी भरून निघाली.

शीर्षकाच्या अक्षरांकनालाही महत्त्व आहे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाट्यजाहिरातींतील नामाक्षरांतून शब्दाच्या आकारालाच अर्थाची छटा दिली. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी सुलेखन, दृश्यकाव्य व टंकरचना या तिन्ही क्षेत्रांत देवनागरीच्या लयीचा शोध घेतला. अक्षराला लय असते, ही जाणीव संगीतविषयक पानास सर्वांत निकटची असूनही संगीत-मासिकांनी तिचा उपयोग मर्यादितच केला. त्यांचे मुख्य लक्ष शुद्धतेकडे राहिले.

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताची नियतकालिके : लंडनच्या मेलडी मेकर (१९२६) व न्यू म्युझिकल एक्सप्रेस (१९५२) या साप्ताहिकांनी वृत्तपत्राचीच मांडणी स्वीकारली. सॅन फ्रॅन्सिस्को येथे १९६७ मध्ये निघालेल्या रोलिंग स्टोन या पत्राचे शीर्षाक्षर तत्कालीन तरुण पिढीच्या भित्तिपत्रकांच्या शैलीचे होते. आतील पान मात्र रेषाबद्ध चौकटींचे व पारंपरिक होते. नव्या संगीताबद्दल गंभीरपणे बोलावयाचे, तर पान विश्वासार्ह दिसले पाहिजे, हे त्यामागील तत्त्व होय. याउलट १९७६ मधील स्निफिन ग्लू या पंक-संगीताच्या पत्राने टंकलेखन, हाताने लिहिलेली शीर्षके व खोडाखोड तशीच ठेवून छायाप्रती काढल्या. व्यावसायिक कौशल्याचा अभाव हीच त्याची भूमिका होती. मराठीत शब्द (१९५५) यासारख्या चक्रमुद्रित लघुनियतकालिकांनी साहित्यात अशीच वाट घेतली होती. द फेस या मासिकात नेव्हिल ब्रॉडी यांनी १९८१–८६ या काळात शीर्षकांसाठी स्वतः नवी अक्षरे घडविली. अमेरिकेतील रे गन (१९९२) या मासिकात डेव्हिड कार्सन यांनी स्तंभ एकमेकांवर चढविले, ओळी कापल्या व १९९४ मध्ये ब्रायन फेरी या गायकाची एक मुलाखत केवळ चिन्हांच्या टंकात छापून ती जवळजवळ अवाचनीय केली.

या प्रयोगांत पान हे संगीताचे दृश्य प्रतिरूप बनते. वाचकास संगीत अन्यत्र, ध्वनिमुद्रिकेवर, उपलब्ध असते आणि म्हणून पानाला अवाचनीय होण्याची मुभा मिळते. स्वरलिपी छापणाऱ्या मासिकास ही मुभा नसते, कारण तेथे पानावाचून ती बंदिश वाचकापर्यंत पोचण्याचा दुसरा मार्ग नसण्याचा संभव असतो. त्याचे बंड अधिक शांत, पण अधिक मूलगामी आहे. ते वाचनाची दिशा, ओळीचा शेवट, विरामचिन्हांचा अर्थ व शब्दाची एकसंधता हे चारही संकेत बदलते आणि तरीही पान वाचनीय ठेवते.

तंत्रातील बदल : खिळ्यांच्या जुळणीत स्वर, त्यावरील बिंदू, खालची रेघ, वक्ररेषा, गीताक्षर व तालचिन्ह असे अनेक थर साधावे लागत. वक्ररेषा कधी ठशाच्या साहाय्याने घालीत. बारीक बिंदू छपाईच्या दाबाने झिजत वा उडून जात आणि मुद्रितशोधकास गायनाचे ज्ञान असणे आवश्यक ठरे. प्रतिरूप मुद्रणाने हाताने रेखाटलेली स्वरलिपी थेट छापणे शक्य केले. अशा पानात सुलेखकाचा हात दिसतो व वक्ररेषांना त्यांचा नैसर्गिक ओघ परत मिळतो. संगणकीय जुळणीत देवनागरीच्या युनिकोड संकेतावलीतील वैदिक स्वरचिन्हांचा उपयोग कोमल-तीव्र दाखविण्यासाठी करता येतो, तर मंद्र बिंदूसाठी नुक्ता वापरता येतो. मात्र पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळ आपोआप मोडण्याची सोय गद्यास उपकारक असली, तरी स्वरलिपीस घातक ठरते. लहान पडद्यावर सोळा मात्रांची ओळ कोठेही तुटते व सम आपल्या घरातून निसटते. जुळाऱ्याने काळजीपूर्वक सांभाळलेला ‘ओळ म्हणजे आवर्तन’ हा नियम अशा रीतीने नव्या तंत्रात पुन्हा मुद्दाम सांगावा लागतो.

मर्यादा व मूल्यमापन : विलंबित ख्यालात एका मात्रेत अनेक स्वर येतात व त्यांतील श्रुतिभेद, आंदोलन, स्वराचा लगाव कोणत्याही चिन्हात पूर्णपणे पकडता येत नाहीत. अनेक घराणेदार कलावंतांनी छापील बंदिशीकडे साशंकतेने पाहिले, ते सर्वस्वी निराधार नव्हते. छापील पान बंदिशीचा सांगाडा देते, तिचा श्वास गुरुमुखातूनच येतो. तथापि ज्या बंदिशी मोजक्या कंठांतच उरल्या होत्या, त्यांतील अनेक या सांगाड्यामुळे टिकल्या, हेही तितकेच खरे आहे. म्हणून संगीत-नियतकालिकाच्या पृष्ठरचनेची कसोटी नावीन्य ही नसून पानावरून संगीताकडे परत जाता येते किंवा नाही, ही आहे. ओळ आवर्तनाशी जुळली, चिन्हांचा अर्थ त्याच पानावर सापडला, बिंदू आपल्या जागी राहिला आणि समास मोकळा राहिला, तर पान वाचणारा गाऊ लागतो.